शेजारच्या माणसाला पद्मश्री

विठ्ठलवाडीकरांनो, ही माहिती आपल्या अगदी जवळची आहे. इथून एकच स्टेशन पुढे कल्याण, आणि तिथे पत्रीपुलाजवळ हनुमान नगर ही कुष्ठरोग्यांची वसाहत. या वसाहतीसाठी वर्षानुवर्षे झटणारे डोंबिवलीचे गजानन माने यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली. माने पूर्वी नौदलात होते, १९७१च्या युद्धातही होते.

कुष्ठरोगावर १९८०च्या दशकापासून बहुविध औषधोपचार आहे. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो आणि रोग पूर्ण बरा होतो. पण एकदा गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. पायात खिळा घुसला तरी कळत नाही, गरम भांड्याने बोटं भाजली तरी कळत नाही. जखम चिघळते. म्हणून बरं झाल्यावरही ती धुणं, मलमपट्टी करणं कित्येकांना जन्मभर लागतं. अशा वस्तीत सातत्याने जात राहणं ही माझ्या मते सर्वांत अवघड समाजसेवा. एक दिवस फळं वाटून ती होत नाही.

अशा माणसांची पद्म पुरस्कारासाठी कुणीही सामान्य नागरिक शिफारस करू शकतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज ऑनलाइन भरायचा आणि त्या व्यक्तीच्या कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायची.

आपल्या उल्हासनगरच्या कॅम्पांत, अंबरनाथ-बदलापुरात असं आयुष्य वेचलेले काका-मावशी नक्की आहेत. त्यांच्याशी बोला, काम नीट लिहून काढा आणि यंदा एक तरी अर्ज भरा.