जुन्या टेपचा वेग आणि पेटीची साक्ष

गायक स्वतःच पेटी वाजवत गातो आहे, समोर श्रोते बसले आहेत आणि कोणीतरी तो कार्यक्रम टेपवर उतरवून घेतला आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची अशी टेप ऐकताना एक उद्गार हमखास निघतो : 'तेव्हा आवाज काय तरुण होता! आणि पट्टी केवढी उंच!' उद्गार खरा असू शकतो. पण ते गायकाचे तारुण्य आहे की टेपरेकॉर्डरची करामत, हे कसे ठरवायचे? आठवी-नववीच्या वर्गात शिकवलेले ध्वनीचे दोन-तीन नियम यासाठी पुरतात.

आपल्या परिचयाचे उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकरांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले गीतरामायण १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाले. वर्षभर, आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते प्रसारित झाली. तेथे निरनिराळ्या गायक-गायिकांचे आवाज होते. पुढे फडके यांनी ही गीते रंगमंचावर नेली. समोर पेटी घेऊन ते स्वतः सगळी गीते गात. नभोवाणीवरचे गीतरामायण आणि मैफलीतले गीतरामायण यांत आपल्या दृष्टीने महत्त्वाचा फरक या पेटीचा आहे.

आकाशवाणीवर १९४० सालापासून पेटीला बंदी होती. ती १९७१ पासून सैल होत गेली. आक्षेप असा होता, की पेटीचे स्वर ठरलेले असतात. तिच्यावर मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे येत नाहीत आणि एका सप्तकाचे बारा समान भाग पाडल्यामुळे स्वर किंचित इकडेतिकडे सरकतात. संगीताच्या दृष्टीने या आक्षेपांत तथ्य आहे. पण जुने ध्वनिमुद्रण तपासायचे झाले, की 'स्वर ठरलेले असणे' हा दोष एकदम गुण होतो.

पेटीचा स्वर का हलत नाही?

पेटीच्या प्रत्येक स्वरपट्टीखाली पितळेची एक पातळ जीभ असते. तिला रीड म्हणतात. भात्याची हवा तिच्यावरून गेली की ती थरथरते. सेकंदाला किती वेळा थरथरायचे, हे मुख्यतः तिची लांबी, जाडी आणि पितळेचा ताठपणा यांवर ठरते. भाता जोरात मारला तर आवाज मोठा होतो, स्वर मात्र जवळजवळ तोच राहतो. तंबोरा गायकाच्या सोयीने हवा तसा लावता येतो. बासरीचा स्वर हवेतील ध्वनीच्या वेगावर अवलंबून असतो आणि हा वेग तापमानाबरोबर वाढतो : २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर. म्हणून निलंग्याच्या मे महिन्यातल्या दुपारी बासरी चढते. पेटी मात्र जवळपास जागच्या जागी असते.

हल्ली बहुतेक पेट्यांत मधल्या सप्तकातील पांढरी सहा सेकंदाला ४४० कंपनांच्या आसपास लावलेली असते. हाच आकडा १९५५ साली आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून सुचवला गेला. शेजारच्या दोन स्वरपट्ट्यांतील अंतर सुमारे सहा टक्के असते. म्हणजे पांढरी सहा ४४०, तर काळी पाच ४६६.

थोडक्यात, गायकासमोर पेटी असली तर टेपवर त्याच्या गळ्याबरोबर एक मोजपट्टीही उतरलेली असते.

मंद टेप उंच का वाजते?

मुलांना हे कोडे जरूर घालावे. समजा, टेप सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर सरकायला हवी. कार्यक्रमाच्या वेळी बॅटरीचे सेल उतरले होते किंवा रबराचा पट्टा घसरत होता, म्हणून ती नऊच सेंटिमीटर सरकली. गाण्याचा एक सेकंद नऊ सेंटिमीटरांत दाटीने बसला. पुढे ही टेप चांगल्या यंत्रावर लावली, तर ते नऊ सेंटिमीटर एका सेकंदाच्या आतच निघून जातात. वेग साडेपाच टक्क्यांनी वाढतो, गाणे लवकर संपते आणि प्रत्येक स्वर जवळजवळ एक स्वरपट्टी वर चढतो. म्हणजे मुद्रण करताना यंत्र मंद, तर ऐकताना स्वर उंच. वेगात सहा टक्के वाढ झाली तर दहा मिनिटांचे गीत साधारण साडेनऊ मिनिटांतच आटोपते.

ही अडचण केवळ घरगुती यंत्रांची नाही. माइल्स डेव्हिस यांची 'काइंड ऑफ ब्लू' ही जगप्रसिद्ध तबकडी १९५९ साली न्यूयॉर्कच्या नामांकित स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. एक यंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना काहीशा चढ्या स्वरात बाजारात आल्या. लाखो लोकांनी त्या तशाच ऐकल्या. दुरुस्त आवृत्ती निघायला १९९० चे दशक उजाडले.

तीन साक्षीदार

पहिली साक्ष पेटीची. टेपमधील पेटीचा एखादा लांबलेला स्वर पकडावा आणि आपल्या पेटीवर तो शोधावा. तो कोणत्याच स्वरपट्टीशी न जुळता दोन पट्ट्यांच्या मध्येच लोंबकळत असेल, तर टेपचा वेग चुकला असण्याचा दाट संभव आहे. कार्यक्रमाच्या आरंभीची पेटी आणि शेवटची पेटीही ताडून पाहावी. गायकाने मध्येच पट्टी बदलली, तर पेटीला पूर्ण एका किंवा दोन स्वरपट्ट्यांची उडीच मारावी लागते. स्वर हळूहळू, पावपाव पट्टीने चढत गेलेला दिसला, तर ती गायकाची करणी नव्हे. सेल उतरत गेल्याची ती खूण आहे.

या साक्षीला मर्यादा आहेत. प्रत्येक पेटी थोडी वेगळी लावलेली असते, जुनी झाली की तिचे काही स्वर उतरतात. त्यामुळे एका टक्क्याच्या आतला फरक पेटीवरून सांगू नये. शिवाय चूक बरोबर सहा टक्क्यांची असेल, तर पेटी नेमकी पुढच्या स्वरपट्टीशी जुळते आणि एकटी पेटी आपल्याला फसवते.

दुसरी साक्ष विजेच्या गुणगुणण्याची. वीजपुरवठा सेकंदाला ५० आवर्तनांचा असतो. यंत्र किंवा ध्वनिक्षेपक विजेवर चालत असेल, तर ५० किंवा १०० कंपनांची बारीक घरघर टेपवर उतरते. ती ५३ भरली, तर टेप सहा टक्के जलद वाजते आहे असे मानायला जागा आहे. मात्र आपल्याकडे ही वारंवारता पूर्वी बरीच खालीवर होत असे, हे विसरू नये. प्रत काढणाऱ्या यंत्राची स्वतःची घरघरही तीत मिसळलेली असू शकते.

तिसरी साक्ष गळ्याची. 'आ' आणि 'ई' हे स्वर आपण वेगळे ओळखतो, ते घसा आणि तोंड यांच्या पोकळीत घुमणाऱ्या वारंवारतांवरून. प्रौढ पुरुषात ही पोकळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते. टेप सहा टक्के जलद वाजवली, की या घुमण्याच्या वारंवारताही तितक्याच चढतात आणि कानाला ती पोकळी जणू १६ सेंटिमीटरची वाटते. पोकळी लहान म्हणजे वय लहान, असा निष्कर्ष आपला मेंदू आपल्या नकळत काढतो. म्हणूनच आवाज 'तरुण' भासतो. गायक खरोखरच उंच पट्टीत गात असेल, तर स्वर चढतो पण पोकळी तेवढीच राहते. हा फरक गाण्यापेक्षा मधल्या निवेदनात अधिक चांगला कळतो. तिघांची साक्ष जुळली, तरच निकाल द्यावा.

वर्गात करून पाहा

निलंगा परिसरातील गावांत भजनी मंडळ आणि त्याची पेटी सहज मिळते. पुष्कळदा पेटी वाजवणाराच अभंगही म्हणतो. मोबाइलवर त्याचे एखादे मिनिट मुद्रित करावे. आरंभी पांढरी सहा पाच सेकंद दाबून धरावी आणि मग एका मुलाने चार वाक्ये बोलावीत. मुद्रणाचा वेग बदलणारी आणि वारंवारता मोजणारी साधने मोबाइलवर मोफत मिळतात. वेगाबरोबर स्वरही बदलेल असे साधन मात्र निवडावे. काही साधने स्वर तोच ठेवून फक्त वेग बदलतात, ती येथे उपयोगाची नाहीत.

आता मुद्रण ३ टक्के जलद वाजवावे. ४४० चे ४५३ होतात आणि स्वर दोन पट्ट्यांच्या फटीत सापडतो. मग ६ टक्के जलद वाजवावे. तो काळी पाचवर जाऊन बसतो. वेगातील फरक अगदी थोडा, अर्ध्या टक्क्याचा ठेवला आणि मुद्रणाबरोबरच खरी पेटीही वाजवली, तर आवाज सेकंदाला दोनदा कमी-जास्त होताना ऐकू येतो. पुस्तकातले विस्पंद ते हेच. शेवटी मुलाची चार वाक्ये प्रत्येक वेगात ऐकवून 'बोलणारा कितवीत असेल?' असे विचारावे. उत्तरे वहीत लिहून घ्यावीत.

प्रत काढण्यापूर्वी

हा खटाटोप कशासाठी? चुंबकीय टेप कायम टिकत नाही. घरोघरच्या कपाटांत मैफलींच्या, सप्ताहांतल्या कीर्तन-भजनांच्या टेप पडून आहेत आणि त्या आता संगणकावर उतरवल्या जात आहेत. एकदा चुकीच्या वेगाने प्रत निघाली आणि मूळ टेप खराब झाली, की चूक पक्की होते. पुढच्या पिढीला गायकाचा जो आवाज खरा म्हणून माहीत होईल, तो त्याचा नसेलच.

म्हणून दोन प्रती कराव्यात. पहिली, जशी आहे तशी, काहीही न सुधारता. दुसरी, वेग दुरुस्त करून. दुसरीबरोबर एका कागदावर लिहावे : पेटीचा कोणता स्वर किती भरला, घरघर किती होती, वेग किती टक्क्यांनी बदलला. आपला निष्कर्ष चुकला असेल, तर पुढचा माणूस पहिल्या प्रतीवरून तो पुन्हा तपासू शकेल. आणि आज आपण स्वतः एखादा कार्यक्रम मुद्रित करणार असू, तर गायकाला विनंती करावी : सुरू करण्यापूर्वी पेटीवर पांढरी सहा पाच सेकंद धरा.