अक्षरांमागचा गणपती

सकाळी सात. रात्रभर श्रावणाचा पाऊस कोसळत होता, त्यामुळे छापखाना उघडल्यावर आधी बघायचा तो कागद. पावसाळ्यात मालवणच्या हवेतला ओलावा ८५ टक्क्यांच्या पुढे जातो. कागदाला मानवतो ५०-५५. म्हणून मॅपलिथोची, म्हणजे लेप नसलेल्या छपाईच्या कागदाची, रिमं प्लॅस्टिकमध्येच ठेवतो आणि लागतील तेवढीच फोडतो. उघडा राहिलेला कागद कडेने फुगतो, मशीनच्या ग्रिपरमध्ये वाकडा शिरतो आणि मग दुसरा रंग पहिल्यावर काही केल्या बसत नाही.

साडेसात. फोंडाघाट उतरून कोल्हापूरच्या प्लेटा आल्या. आरती पुस्तिकेचं काम आहे. चतुर्थीआधी आमच्याकडे या पुस्तिकांची झुंबड असते. घरोघरी गणपती आणि वाडीवाडीत भजन, त्यामुळे प्रत्येक मंडळाला स्वतःची पुस्तिका हवी असते. आणि प्रत्येक पानावर अक्षरांमागे फिकट गणपतीही हवाच. ही मागणी मला मनापासून आवडते. पण तो गणपती किती फिकट, यावर पुस्तिका वाचता येणार की नाही ते ठरतं.

आठ. आमचे मशीनमन तात्या कामाला लागले. आमचं मशीन दोन रंगांचं: काळा मजकुराला, केशरी गणपतीला. पहिली शीटं काढून टेबलावर घेतली. भिंग ठेवलं की गणपतीची सोंड दिसेनाशी होते, दिसतात ते नुसते केशरी ठिपके. ते पाच टक्क्यांपासून बारा टक्क्यांपर्यंतचेच ठेवले आहेत. पाचाच्या खालचे ठिपके पाणी जरा जास्त झालं की प्लेटवरून उडतात आणि गणपतीच्या कपाळाला भोक पडल्यासारखं दिसतं. बाराच्या वर गेलं की अनुस्वार संकटात. देवनागरीत अनुस्वार, रफार, विसर्ग हे सगळे बारीक जीव. मागे दाट ठिपके आले की अनुस्वार त्यांच्यातलाच एक होऊन जातो. आरती पाठ असते, निभावतं. पण अथर्वशीर्ष आणि मंत्रपुष्पांजली मुलं याच पुस्तिकेतून शिकतात. तिथे एक अनुस्वार हरवला तर उच्चार चुकतो.

तात्या शीट खिडकीशी धरून म्हणाले, “भाऊ, अक्षर दिसता, पण डोळे ताणूचे लागतत.” केशरी शाईच्या दोन चाव्या कमी केल्या. पाण्याचा पीएच तपासला. साडेचार ते साडेपाचमध्ये आहे. पुढच्या शीटवर डोळे ताणावे लागले नाहीत, मग मोजणी सुरू केली.

अकरा. एका पतसंस्थेचे गृहस्थ पावती पुस्तकासाठी आले. सिंधुदुर्ग किल्ला मागे हवा, “नोटेसारखा वॉटरमार्क”. नोटेतला वॉटरमार्क छापलेला नसतो. कागद बनताना लगदा कुठे पातळ, कुठे जाड बसवतात, म्हणून तो उजेडासमोर धरला की दिसतो. असा कागद नर्मदापुरमच्या (पूर्वीचं होशंगाबाद) सरकारी गिरणीत १९६८पासून बनतो. नाशिकच्या छापखान्यात नोटा छापल्या जातात त्या अशा कागदावर. आम्ही छापतो ती फक्त फिकट छटा. हे सांगितल्यावर ते हिरमुसले नाहीत, कारण त्यांची खरी गरज वेगळी होती: पावतीवर बॉलपेनने लिहायचं आणि वर शिक्का मारायचा. दाट शाईवर बॉलपेन घसरतो, शिक्का पुसला जातो. म्हणून किल्ला तटबंदीच्या रेषांपुरताच घेतला, आठ टक्क्यांत, आणि रक्कम व सही यांची जागा कोरी सोडली.

दुपारी दोन. उद्याच्या प्लेटांच्या फायली. दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, कारण इथली चूक घाटावर जाऊन परत यायला एक दिवस घेते. मुंबईच्या एका मंडळाची फाइल उघडली. पडद्यावर गणपती छान फिकट. ॲक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये कर्सर फिरवला तर त्याच्या पोटावर निळा ९, किरमिजी १४, पिवळा २२, काळा ४. चार रंगांची बेरीज ४९. कागदाला ही बेरीज जड नाही. मॅपलिथो २६०च्या आसपास सोसतो. पण दोन रंगांच्या मशीनवर चार रंगांचा गणपती म्हणजे कागद दोनदा फिरवणं, आणि या ओलाव्यात ते रंग एकमेकांवर बसणं कठीण. शिवाय मॅपलिथोवर ठिपका पसरतो. पडद्यावरची २० टक्के छटा कागदावर ३०-३५ची वाटते. चित्र एकरंगी करून बारा टक्क्यांवर आणलं. मजकूर चित्राच्या वरून छापला जाईल असं नेमलं. अक्षरांखालचं चित्र कापलं असतं तर कागद ताणल्यावर प्रत्येक काना-मात्रेला पांढरी किनार आली असती.

मुखपृष्ठ आर्ट पेपरचं, ते कोल्हापूरच्या चार रंगी मशीनवर जाईल. त्याची काळी पार्श्वभूमी चारही रंगांत शंभर-शंभर, म्हणजे ४००. आर्ट पेपरला ३०० फार झालं. ६०, ५०, ५०, १०० केलं, २६०. डोळ्याला काळेपणा तेवढाच, शाई कितीतरी कमी, आणि वाळायला दोन दिवस लागत नाहीत.

वाचता येण्याचा नमुना गावातलाच: कालनिर्णय दिनदर्शिका सुरू करणारे जयंतराव साळगावकर याच मालवणचे. १९७३पासून घरोघरी भिंतीवर असलेल्या त्या पानात तिथी, नक्षत्रं, सण दाटीवाटीने बसतात आणि तरी आजीला वाचता येतात, कारण मागचा कागद मोकळा आहे. मागे चित्र हवंच असेल तर त्याने त्या मोकळेपणाला धक्का लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

साडेपाच. सकाळची शीटं अंगठ्याने घासून पाहिली. दमट हवेत शाई सावकाश सुकते, म्हणून थप्प्या छोट्या लावतो. मोठ्या थप्पीत वरच्या शीटच्या पाठीला खालची शाई लागते. पाठची बाजू उद्या. सत्तर जीएसएमच्या कागदातून पलीकडचं चित्र झिरपून दिसतं, तेव्हा दोन्ही बाजूंचे गणपती पाठीला पाठ लावून, एकाच जागी बसवायचे. अन्यथा वाचणाऱ्याला एका पानावर दोन गणपती दिसतात.

सात. वॉश-अप, रोलर पुसून मशीन बंद.

पुस्तिका छापायला देणाऱ्यांना एक विनंती. चित्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, मूळ फाइल द्या. नमुना मोबाइलवर पाहून हो म्हणू नका. छापायच्या कागदावर काढून घ्या, संध्याकाळी घरातल्या सगळ्यात वयस्क माणसाला वाचायला द्या आणि मग सही करा. प्लेट बनण्याआधी बदलाला पैसे पडत नाहीत.