पेन्सिलीने लिहिलेली कैफियत

कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील सांता क्लारा व्हॅली वैद्यकीय केंद्रात १९८२ च्या जुलै महिन्यात ४२ वर्षांचा एक इसम दाखल करण्यात आला, तेव्हा तो पाषाणमूर्तीसारखा निश्चल होता. हात उचलून सोडावा तर तो तसाच अधांतरी राही, पापणी क्वचितच लवे आणि मुखातून शब्द उमटत नसे. कोणी त्यास छिन्नमनस्क ठरविले, कोणास ढोंगाचा संशय आला. मज्जाविकार विभागाचे प्रमुख डॉ. विल्यम लँगस्टन व त्यांचे सहकारी मात्र त्याच्याकडे बराच वेळ नुसते पाहत राहिले, आणि त्याची बोटे किंचित हलतात असे लक्षात येताच त्यांनी त्याच्या हाती पेन्सिल दिली. विलक्षण मंद गतीने त्या माणसाने आपली कैफियत कागदावर उतरविली: मन शाबूत आहे, काय करावयाचे ते कळते, परंतु शरीर आज्ञा मानीत नाही.

लँगस्टन यांच्या पुढील साऱ्या संशोधनाचा पाया मी या कागदात पाहतो. ज्याला वेडा म्हणून बाजूस सारले होते, त्याला त्यांनी साक्षीदार मानले.

लक्षणे तर हुबेहूब पार्किन्सनच्या व्याधीची होती. कंपवात हे नाव आपल्याकडे रूढ असले तरी त्या व्याधीचे मर्म कंपापेक्षा हालचालीच्या मंदत्वात आहे. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी सहा रुग्णांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले, तेव्हापासून ती उतारवयात हळूहळू बळावणारी म्हणूनच ज्ञात होती. येथे तर धडधाकट माणसे काही दिवसांत जखडली गेली होती. रुग्णाच्या मैत्रिणीची तीच अवस्था होती, आणि वॉटसनव्हिल गावातील दोघे भाऊही तसेच गोठले होते. हे सारे हेरॉइनचे व्यसनी, आणि सर्वांनी प्रयोगशाळेत बनविलेला एक नवा कृत्रिम माल टोचून घेतला होता. लँगस्टन यांनी वृत्तपत्रांद्वारे व दूरचित्रवाणीवरून जनतेस जाहीर इशारा दिला, मालाचे नमुने मिळविले आणि तपास पुढे चालविला.

त्याचा धागा १९७९ च्या एका अल्पपरिचित शोधनिबंधात सापडला. १९७६ साली मेरीलँडमधील एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने स्वतःसाठी असेच द्रव्य बनविताना घाई केली, त्यात एक अशुद्धी उतरली आणि तोही गोठला. पुढे त्याच्या मृत्यूनंतर मेंदूतील कृष्णद्रव्य या भागातील पेशी नष्ट झालेल्या आढळल्या. उंदीरजातीच्या प्राण्यांवर तेव्हा प्रयोग झाले होते, पण ते प्राणी या विषास पुरून उरल्याने प्रकरण दप्तरी पडून राहिले होते.

लँगस्टन यांनी मिळविलेल्या नमुन्यांतही आढळलेल्या या अशुद्धीचे नाव एमपीटीपी. १९८३ च्या फेब्रुवारीत लँगस्टन व त्यांच्या सहकाऱ्यांचा लेख ‘सायन्स’ नियतकालिकात आला, आणि त्यानंतरच्या अन्वेषणाने विषाची वाटचाल उलगडली: मेंदूतील एक विकर त्याचे एमपीपी या घातक रूपात परिवर्तन करते, हालचालीस आवश्यक असे डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी ते रूप आपले द्रव्य समजून आत ओढून घेतात आणि त्यांच्या ऊर्जानिर्मितीचे कार्य बंद पडते. पॅराक्वाट या तणनाशकाची रासायनिक ठेवण या एमपीपीशी मिळतीजुळती असल्याने शेतीतील विषांकडेही शास्त्रज्ञांची दृष्टी वळली.

या रुग्णांना डोपामिनची उणीव भरून काढणारे लेव्होडोपा हे औषध दिल्यावर ते पुन्हा हालू-बोलू लागले. मात्र अल्पावधीतच त्यांना अनावर अंगविक्षेप व भास यांनी ग्रासले. येथे एक स्वदेशी दुवा नमूद केला पाहिजे. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण पाश्चात्त्य वैद्यकाच्या नजरेस आणला. त्याच वनस्पतीतून निघालेल्या रेसरपिनने निश्चेष्ट केलेले ससे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये लेव्होडोपा देऊन हालते केले, आणि त्यातून डोपामिनचे महत्त्व जगास कळले.

१९८८ साली लँगस्टन यांनी कॅलिफोर्नियातच पार्किन्सन संस्था स्थापन केली. तेथील कॅरोलाइन टॅनर यांनी दुसऱ्या महायुद्धातील जुळ्या सैनिकांची मोठी पाहणी करून, पन्नाशीनंतर उद्भवणाऱ्या व्याधीत आनुवंशिकतेचा वाटा फारसा दिसत नाही, असे १९९९ साली दाखविले. पन्नाशीपूर्वीच्या व्याधीत मात्र तो स्पष्ट होता. एमपीटीपीने आजारी केलेल्या माकडांवरील १९९० च्या प्रयोगांनी मेंदूत विद्युतप्रवाह सोडण्याच्या आजच्या शस्त्रक्रियेस आधार दिला. खुद्द त्या व्यसनी रुग्णांपैकी दोघांवर स्वीडनमधील लुंड येथे गर्भपेशींचे रोपण झाले व त्यांच्यात सुधारणाही दिसली. या माणसांचा उल्लेख पाठ्यपुस्तकांत बहुधा विषबाधेचे बळी एवढाच येतो. तो मला अपुरा वाटतो. या साऱ्या ज्ञानाची किंमत त्यांनी आपल्या देहाने चुकविली आहे.

१९९९ मध्येच लँगस्टन यांनी विषबाधेनंतर ३ ते १६ वर्षे जगलेल्या तिघांच्या मेंदूंचा शवपरीक्षण-अहवाल प्रसिद्ध केला. विष शरीरात गेले ते अल्पकाळच. तथापि मृत्यूच्या वेळीही त्या मेंदूंतील पेशींचा नाश चालूच होता.