रुळांकडचा वर्ग

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमधील ‘पब्लिक स्कूल ९८’ या शाळेच्या एका बाजूने, थोड्या अंतरावर, उंचावरून जाणारा रेल्वेमार्ग होता. दर चार-साडेचार मिनिटांनी गाडी धडधडत जायची आणि सुमारे अर्धा मिनिट बाईंचा आवाज मुलांपर्यंत पोहोचायचा नाही. बाईंनी एकतर ओरडून शिकवायचे, नाहीतर वाक्य अर्धवट सोडून थांबायचे. मानसशास्त्रज्ञ आर्लाइन ब्रॉन्झाफ्ट यांनी रुळांकडच्या आणि इमारतीच्या शांत बाजूच्या वर्गांतील मुलांचे वाचन ताडून पाहिले. शाळा तीच, वस्ती तीच. तरीही सहावीपर्यंत रुळांकडची मुले वाचनात जवळपास वर्षभर मागे पडलेली होती. हा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला.

शिकवण्याचा वेळ बुडतो, हे त्यातले एक कारण. दुसरे घरात सापडते. त्याच शहरात महामार्गाच्या थेट वर बांधलेल्या ३२ मजली इमारतींमधील मुलांचा अभ्यास १९७३ साली प्रसिद्ध झाला होता. वाहनांचा आवाज खालच्या मजल्यांवर जास्त. तिथे काही वर्षे राहिलेल्या मुलांना एकमेकांजवळचे उच्चार वेगळे ओळखणे जड जात होते आणि वाचनही कच्चे होते. संशोधकांच्या मते, सततच्या गोंगाटात मूल आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकते आणि त्यासोबत बोलण्यातले बारकावेही निसटतात. ‘काल’ आणि ‘काळ’ यांतला फरक कानाला नीट कळला नाही, तर तो अक्षरांत तरी कसा बसणार?

गोंगाटाची सवय होते, असे आपण सहज म्हणतो. त्या सवयीची किंमत मूल मोजत असते.

ही हानी कायमची असतेच असे नाही, ही मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. न्यूयॉर्कच्या त्या शाळेजवळ रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते लावली. त्यानंतरच्या पाहणीत दोन्ही बाजूंच्या मुलांच्या वाचनात फरक उरला नव्हता. म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ मध्ये बंद झाला, तेव्हा तिथल्या मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे मात्र घसरले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिकवताना वर्गातला इतर आवाज ३५ डेसिबलपेक्षा जास्त नसावा. आपल्याकडे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो आणि तिथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे. हमरस्त्यालगतच्या किती वर्गांत ती पाळली जात असेल?

मूल मागे पडले की आपण त्याच्या बुद्धीवर शंका घेतो, मग शिकवणी लावतो. खिडकीबाहेर कोणी बघत नाही. पुढच्या पालकसभेला जाल तेव्हा पाच मिनिटे मुलाच्या बाकावर बसा आणि फळ्याजवळचे बोलणे तिथपर्यंत ऐकू येते का, ते पाहा. येत नसेल, तर शाळेकडे आणि पालिकेकडे लेखी तक्रार करा.