भुयारातली वाट आणि कागदावरची वाट

शिखरावर कोण पोहोचलं यावर वाद होऊ शकतो, पण शिखर कुठे आहे यावर होत नाही. ते पायथ्यावरूनही दिसतं. गुहेचं उलटं आहे. माणूस सरपटत आत शिरला की बाहेरच्यांच्या दृष्टीनं तोही दिसेनासा होतो आणि त्याची वाटही. परत येऊन त्यानं दिशा, अंतरं, वळणं कागदावर उतरवली, तरच ती वाट दुसऱ्या कुणाला सापडते. म्हणून गुहाशोधाच्या इतिहासावरची पुस्तकं मोहिमेनंतरच्या निवांत आठवणी म्हणून वाचणं मला चूक वाटतं. शोधाचा निम्मा भाग त्यांच्याच पानांवर पार पडलेला असतो. अमेरिकेतल्या केंटकी राज्यातली मॅमथ केव्ह हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण.

आपल्याकडे गुहा म्हटलं की अजिंठा-वेरूळ डोळ्यांसमोर येतं, म्हणजे बसाल्टात छिन्नीनं कोरलेली लेणी. मॅमथ केव्ह पाण्यानं कोरली. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, चुनखडीच्या भेगांत मुरतं आणि खडक विरघळवत जातं. इथे वर वालुकाश्माचं छप्पर होतं, म्हणून जुनी भुयारं टिकली. आजवर मोजलेली त्यांची लांबी 420 मैलांहून अधिक आहे. जगात याहून लांब गुहा ठाऊक नाही. 1838 मध्ये स्टीफन बिशप नावाचा गुलाम तरुण इथे वाटाड्या म्हणून आणला गेला. तोवर सगळे ज्या खोल विवराच्या काठावरून परत फिरत, ते ओलांडून तो पलीकडे गेला आणि पुढचं जग उघडलं: नद्या, डोळे नसलेले मासे, मैलोन् मैल नवे मार्ग. पुढच्याच वर्षी डॉ. जॉन क्रोगन यांनी गुहा विकत घेतली, बिशपसकट. 1842 मध्ये क्रोगन यांच्या लुईव्हिलच्या घरी बसून बिशपनं निव्वळ आठवणीतून नकाशा काढला आणि 1845 च्या ‘रॅम्बल्स इन द मॅमथ केव्ह’ या पुस्तकासोबत तो त्याच्या नावानिशी छापला गेला. कायद्याच्या लेखी जो स्वतः मालमत्ता होता, तो छापील कागदावर कर्ता ठरला. स्वातंत्र्य मिळायला मात्र 1856 उजाडलं, आणि वर्षभरातच तो गेला. त्याच्यासारखेच गुलाम असलेले मॅट आणि निक ब्रॅन्सफर्ड हेही तिथले वाटाडे. पण त्यांच्या नावाचा नकाशा नाही, म्हणून त्यांची नावं आजही बिशपच्या मागून येतात.

कागदाची ताकद मालकांनाही कळत होती. 1908 मध्ये माक्स केम्पर या जर्मन अभियंत्यानं एड बिशप या वाटाड्याला घेऊन गुहेची कसून मोजणी केली. भुयारं आपल्या जमिनीची हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या शेताखाली जातात हे त्या नकाशात स्पष्ट दिसत होतं, तेव्हा तो गुपचूप ठेवण्यातच मालकांना शहाणपण वाटलं. बांधावरून पिढ्यान् पिढ्या भांडणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. जवळच्या ग्रेट ओनिक्स गुहेचा असाच तंटा न्यायालयात गेला. तोंड एकाच्या जमिनीत, पोट दुसऱ्याच्या जमिनीखाली. 1929 मध्ये केंटकीच्या वरिष्ठ न्यायालयानं आतून मोजणी करायला मुभा दिली.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: ही पुस्तकं बहुतेक गुहेत उतरणाऱ्यांनीच लिहिली आहेत, मग स्वतःच्या पराक्रमाला ती फोडणी देणारच. 1976 च्या ‘द लाँगेस्ट केव्ह’चे लेखक रॉजर ब्रुकर आणि रिचर्ड वॉटसन हे दोघेही याच मंडळींतले, एक जाहिरातक्षेत्रातला, दुसरा देकार्तचा अभ्यासक. आपल्या गटाबद्दलचा जिव्हाळा त्यांना लपवता येत नाही, हे मान्य. पण प्रवासवर्णन पडताळता येत नाही, मोजणी येते. पुढची तुकडी तेच फीत-होकायंत्र घेऊन त्याच वळणावर जाते आणि आकडा चुकला असेल तर पकडते. शिवाय ज्या दिवशी शेजारच्या फ्लिंट रिजची भुयारं मॅमथ केव्हला जोडली गेली, त्या 9 सप्टेंबर 1972 च्या सहा जणांत हे दोघे नव्हतेच. दुसऱ्यांच्या विजयाची गोष्ट त्यांनी लिहिली.

त्या जोडणीच्या आधीचा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. ऑगस्टच्या अखेरीस गुहाशोधक पॅट्रिशिया क्रॉथर आणि तिचे सोबती फ्लिंट रिजच्या बाजूनं एका चिखलट, पाण्यानं भरलेल्या अरुंद वाटेनं पुढे सरकत होते. आपल्याआधी इथे कोणी आलेलं नाही अशी त्यांची समजूत होती. भिंतीवर अक्षरं दिसली: ‘पीट एच’, आणि खाली बाण. मॅमथच्या बाजूनं 1938 मध्ये पीट हॅन्सन तिथवर येऊन गेला होता. त्या भुयाराचा नकाशा कुणाकडे नव्हता, त्यामुळे बाण चौतीस वर्षं अंधारात तसाच राहिला. दहा दिवसांनी तुकडी त्याच बाणाच्या दिशेनं गेली, छातीभर पाण्यातून पुढे सरकली, आणि दिव्याच्या उजेडात पर्यटकांसाठी लावलेला लोखंडी कठडा चमकला.