तंत्रज्ञान कंपन्यांचे समभाग आणि आभासी चलन : मूल्याचा आधार

1981 मध्ये पुण्यात सात अभियंत्यांनी 10 हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिसची स्थापना केली. 1993 मध्ये 95 रुपये दराने तिचे समभाग जनतेसाठी खुले झाले, तेव्हा त्यांना पुरेशी मागणीही आली नाही. ज्यांनी ते घेऊन टिकवले, त्यांना पुढे बोनस समभाग आणि लाभांश मिळत गेला. त्याच पुण्याच्या पोलिसांनी 2018 मध्ये गेनबिटकॉइन योजनेच्या कथित सूत्रधाराला अटक केली. गुंतवलेल्या बिटकॉइनवर दरमहा 10 टक्के परतावा 18 महिने देण्याचे या योजनेचे आश्वासन होते. पुढे परतफेड एमकॅप नावाच्या, अत्यल्प मोलाच्या टोकनमध्ये होऊ लागली.

हा दोष योजनेचा, बिटकॉइनचा नव्हे, असा युक्तिवाद केला जातो व तो तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. तथापि, असे आश्वासन खरे की खोटे हे ताडून पाहण्यासाठी सामान्य गुंतवणूकदाराजवळ काय असते, हा खरा प्रश्न आहे. समभागधारक हा कंपनीचा अंशतः मालक असतो. तिचा महसूल, नफा व कर्ज ताळेबंदात दिसते आणि भावाची तुलना नफ्याशी करता येते. जानेवारी 2009 मध्ये सुरू झालेल्या बिटकॉइनची कमाल संख्या 2.1 कोटी इतकी निश्चित आहे. परंतु त्यामागे उत्पन्न देणारा कोणताही उद्योग नाही. पुढचा खरेदीदार काय देईल, यावरच त्याचा भाव ठरतो. सोन्यालाही लाभांश नसतो हे खरे, मात्र त्याला दागिन्यांची मागणी आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये सुमारे 69 हजार डॉलरवर गेलेले बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांच्या आसपास आले आणि डिसेंबर 2024 मध्ये त्याने 1 लाखाची पातळी ओलांडली. या चढउताराचा कोणत्याही ताळेबंदाशी मेळ घालता येत नाही.

याचा अर्थ मोठ्या कंपन्यांचे समभाग निर्धोक असतात असा मुळीच नाही. मार्च 2000 मध्ये 5 हजारांवर गेलेला अमेरिकेचा नॅसडॅक निर्देशांक ऑक्टोबर 2002 पर्यंत तीन चतुर्थांशाहून अधिक घसरला व जुनी उंची गाठण्यास त्याला 2015 उजाडले. सिस्को या कंपनीचा नफा त्यानंतर कित्येक पटींनी वाढला, तरी तिच्या समभागाला 2000 मधील भाव पुन्हा मिळण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. कंपनी उत्तम असूनही खरेदीचा भाव चुकू शकतो. सत्यम कॉम्प्युटर्समध्ये तर ताळेबंदच खोटा होता. जानेवारी 2009 मध्ये ते उघड झाल्यावर मात्र सरकारने नवे संचालक मंडळ नेमले आणि सेबीने चौकशी केली.

आभासी चलनाच्या गुंतवणूकदाराला असा आधार दुर्मिळ आहे. समभाग डिपॉझिटरीत गुंतवणूकदाराच्या नावे नोंदलेले असतात. दलाल बुडाला तरी ती नोंद राहते. जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या मंचावरून सुमारे 23 कोटी डॉलरची आभासी चलने चोरीस गेली, तेव्हा ग्राहकांचे व्यवहार वर्षाहून अधिक काळ थांबले.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये बँकांना अशा व्यवहारांना सेवा देण्यास मनाई केली होती. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये ती रद्द केली. 2022 च्या अर्थसंकल्पाने नफ्यावर 30 टक्के कर लावला, पण त्यामुळे या मालमत्तेला चलनाचा दर्जा मिळालेला नाही. शिवाय एका आभासी मालमत्तेतील तोटा दुसरीतील नफ्यातून वजा करता येत नाही. समभागांतील तोट्याला नियमांच्या चौकटीत ती मुभा आहे.