सूर्यप्रकाशाचा निरोप हाडांपर्यंत

मुडदूस झालेल्या मुलाच्या पायांची हाडे मऊ राहून कमानीसारखी वाकतात. ड जीवनसत्त्वाच्या अभावाने हा रोग होतो, हे तुम्ही शाळेत शिकलाच असाल. पण अशीही काही थोडी मुले आढळली आहेत, की ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व भरपूर असूनही त्यांना मुडदूस होतो! असे का व्हावे?

सूर्याच्या अतिनील किरणांमुळे आपल्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते. (कोवळ्या उन्हाची महती आपण नेहमी ऐकतो, पण हे काम करणारे किरण सकाळपेक्षा दुपारच्या उन्हात अधिक असतात.) मात्र ते तसेच्या तसे उपयोगी पडत नाही. प्रथम यकृतात आणि मग मूत्रपिंडात त्यावर रासायनिक क्रिया होऊन कॅल्सिट्रायॉल हे संप्रेरक बनते. खरे पाहता याला नुसते ‘जीवनसत्त्व’ म्हणणे फारसे बरोबर नाही.

रक्तातून फिरत फिरत हे संप्रेरक हाडे घडविणाऱ्या अस्थिजनक पेशींत शिरते. तेथे त्याला धरून ठेवणारे एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. १९६९ साली हॉसलर आणि नॉर्मन यांनी कोंबडीच्या पिलांच्या आतड्यात त्याचा माग काढला होता. संप्रेरक येऊन बसले, की ग्राहीचा आकार किंचित बदलतो, दुसऱ्या एका प्रथिनाशी त्याची जोडी जमते आणि ही जोडी पेशीकेंद्रातील डीएनएवर ठराविक जागी चिकटते. डीएनएच्या एवढ्या लांबलचक धाग्यावर ती जागा ओळखायची कशी? डीएनएची भाषा ए, टी, जी, सी या चार अक्षरांची. या जागी सहा-सहा अक्षरांचे दोन जवळजवळ सारखे शब्द असतात आणि त्यांच्यामध्ये तीन अक्षरांचे अंतर असते. जोडी तेथे बसली, की जवळच्या जनुकाच्या आरएनएरूपी नकला भराभर निघू लागतात व त्यांबरहुकूम प्रथिन तयार होते. हाडातील ऑस्टिओकॅल्सिन हे ४९ अमिनो आम्लांचे प्रथिन माणसाच्या अस्थिजनक पेशी अशाच वाढत्या प्रमाणात बनवितात. गंमत अशी, की उंदरात हेच संप्रेरक ऑस्टिओकॅल्सिनचे उत्पादन उलट कमी करते! तेव्हा उंदरावरून माणसाबद्दल अनुमान काढताना जरा जपूनच.

आता त्या मुलांकडे वळू. १९८८ साली दोन कुटुंबांतील अशा रुग्णांचे ग्राहीचे जनुक तपासले गेले. प्रत्येक कुटुंबात त्या जनुकातील अवघे एक अक्षर चुकलेले निघाले. पण चूक नेमकी डीएनए पकडणाऱ्या भागात होती. निरोप येत होता, तो पुढे पोचत नव्हता.

मग अस्थिजनक पेशींतील बिघाडामुळेच हाडे मऊ राहिली, असे तुम्ही म्हणाल. पण थांबा! अशा काही मुलांना शिरेवाटे दीर्घकाळ कॅल्शियम दिले, तेव्हा त्यांची हाडे कठीण झाली. म्हणजे मुख्य अडचण आतड्यात होती. तेथील पेशींनाही हाच निरोप लागतो. तो न मिळाल्याने अन्नातले कॅल्शियम पुरेसे शोषले जात नव्हते.

अस्थिजनक पेशींत मात्र या संप्रेरकाचे एक काम अगदी अनपेक्षित आहे. ते त्यांना रँकल नावाचे प्रथिन बनवायला लावते आणि हे प्रथिन हाड झिजविणाऱ्या पेशी तयार करविते! हाड घडविणाऱ्यानेच ते फोडायला माणसे बोलवावीत, तसा हा प्रकार. पण स्नायूंना, मज्जातंतूंना आणि हृदयाला रक्तातील कॅल्शियम सतत ठराविक प्रमाणात लागते. आहारातून ते कमी पडले, तर हाडांच्या साठ्यातूनच काढावे लागते.